आधी मातीत बोट घाल

औषध सांगा म्हणतोस. कसलं औषध? या रोपाला रोग झालेला नाही, कीड लागलेली नाही. तू त्याला बुडवतोयस. बुडणाऱ्याला बाटलीतलं औषध पाजतात का रे? ठेव ती कुंडी टेबलावर, खुर्ची ओढून बस, आणि मी बोलत असताना मोबाइलवर आणखी कुणाचा सल्ला सापडतोय का ते बघू नकोस. तुझं निम्मं नुकसान त्या सल्ल्यांनीच केलंय.

पाणी किती घालतोस विचारलं तर म्हणालास, रोज सकाळी तांब्याभर. पानं मलूल दिसली की संध्याकाळी अजून थोडं. घालायच्या आधी मातीत बोट घालून बघतोस का, यावर गप्प. कुंडीच्या बुडाला भोक आहे का, यावर कुंडी तिरकी करून बघायला लागलास! उन्हाळ्यापासून हे रोप तुझ्या घरात आहे, आणि पाणी जायला वाट आहे की नाही हे तुला आज माझ्या घरी येऊन कळतंय. चिनीमातीची चकचकीत कुंडी, प्रदर्शनात दिसली, सोफ्याला रंग जुळतो म्हणून आणली. रोप काय सोफ्यावर बसणार आहे? ज्याला त्यात राहायचंय त्याचा विचार कुंडी घेताना एकदाही मनात आला नाही, ही पहिली चूक. बाकीच्या सगळ्या तिच्यातूनच निघाल्यात.

मुळांना श्वास लागतो, हे तू शाळेत माझ्याकडे शिकलास, पेपरात लिहिलंस, मार्क घेतलेस आणि विसरलास. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात, त्यांत हवा असते आणि त्या हवेतला ऑक्सिजन मुळं घेतात. पोकळ्या पाण्यानं भरल्या की तो मुळापर्यंत पोचणं जवळजवळ थांबतं, कारण हवेतून सरकतो त्याच्या सुमारे 10 हजार पट सावकाश तो पाण्यातून सरकतो. मूळ गुदमरतं, मग कुजतं. कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही. भोवती पाणीच पाणी आणि पान मात्र तहानेनं मान टाकतंय, अशी गत होते. ती मान टाकलेली तुला दिसते आणि तू आणखी एक तांब्या ओततोस. दुसऱ्या दिवशी पान आणखी मलूल, तुझा तांब्या आणखी मोठा. माया म्हणून चाललंय सगळं, हे मला दिसतं. पण मायेला डोळे नसतील तर रोपाला तिचा काय उपयोग?

तुझे मामा शिरोळचे ना? 2019च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021च्या जुलैमध्ये पुराचं पाणी त्या भागातल्या उसात उभं राहिलं. पाणी उतरल्यावर ऊस कसा वाळत गेला, ते त्यांना विचार. पाण्यात उभं राहून पीक वाळतं, हे कोल्हापूरच्या पोराला मी खुर्चीवर बसवून समजवायचं, याचा मला खरोखर राग येतोय. तोच पूर तू दिवाणखान्यात आणलायस, आणि इथं तर पाणी उतरायलाही वाट ठेवली नाहीस.

आता हे रोप आहे कोण, ते ऐक. हौसेनं घरात आणलंस, पण त्याची साधी चौकशी केली नाहीस. स्पायडर प्लांट म्हणजे क्लोरोफायटम कोमोसम, मूळचं आफ्रिकेतलं. थुनबर्ग नावाच्या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं 1794मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्याची मुळं जाड, पांढरी, रसरशीत असतात. पाऊस नसेल त्या दिवसांची बेगमी ते रोप त्या मुळांत करून ठेवतं. म्हणून आठवडाभर तू गावाला गेलास तरी ते तग धरतं, पण आठवडाभर तू घरी असलास की आजारी पडतं!

आणि याचे भाऊबंद आपल्या दारात आहेत. सह्याद्रीत क्लोरोफायटमच्या कितीतरी जाती आहेत. पांढरी मुसळी त्यातलीच, तिच्या शास्त्रीय नावात बोरिवली आहे. पावसाच्या सुरुवातीला ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारात आदिवासी बाया फोडशीच्या जुड्या घेऊन बसतात, ती पानंही याच कुळातली. एका जातीचं नाव तर क्लोरोफायटम कोल्हापुरेन्स आहे. आपल्या शिवाजी विद्यापीठाचे डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती जात जगापुढे ठेवली. विद्यापीठ तुझ्या राजारामपुरीपासून किती लांब आहे? गावाचं नाव लावणारी जात डोंगरात उभी आहे, तिचा आफ्रिकेतला चुलतभाऊ तुझ्या घरात आहे, आणि तुला दोघांचाही पत्ता नाही. या आपल्या रानातल्या जाती पहिल्या पावसाबरोबर वर येतात, पांढरी फुलं काढतात आणि पाऊस सरला की पानं टाकून जमिनीखाली गड्ड्यांवर उन्हाळा काढतात. तुझा स्पायडर प्लांट असा पुरता झोपत नाही, बारा महिने हिरवा राहतो. पण ओलं व्हायचं आणि मग सुकायचं, ही घराण्याची रीत त्याच्याही अंगात आहे. तू त्याला सुकूच देत नाहीस.

कुठं ठेवलंस, तर टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात. का, तर नर्सरीवाला म्हणाला कमी उजेडात येतं. अरे, जगतं म्हणाला असेल. जगणं आणि वाढणं यातला फरक तुला कळू नये? कोपऱ्यात पानाला उजेड कमी, म्हणून ते अन्न कमी करतं, म्हणून पाणीही कमी ओढतं. माती सुकायला दुप्पट वेळ लागतो आणि तुझा तांब्या मात्र रोजचा. अंधार आणि पाणी या दोन चुका वेगवेगळ्या धरू नकोस. पानांवरचे पांढरे पट्टे मळकट झालेत, पानं लांब होऊन लुळी पडलीत, ती उजेड मागतायत.

उजेड किती हवा हे मोजायला यंत्र लागत नाही. दुपारी बारा वाजता, दिवे बंद करून, रोपाच्या जागी पांढरा कागद धर आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धर. सावली पुसट पण ओळखू येण्याजोगी पडली तर जागा बरोबर. सावलीच पडत नसेल तर ती जागा शोभेच्या बाहुल्यांची. सावलीला धारदार कडा असतील तर ऊन थेट येतंय, पानं भाजतील. तुझ्या घरात पूर्वेची खिडकी आहे, मी बघितलीय. तिच्या आतल्या बाजूला, हातभर अंतरावर ठेव. सकाळचं कोवळं ऊन तासभर लागलं तर चांगलंच आहे. पश्चिमेच्या गॅलरीत मार्च ते मे अजिबात नेऊ नकोस, चारच्या उन्हात पानांवर पांढरे चट्टे पडतील आणि ते परत हिरवे होत नाहीत. एसीचा झोतही अंगावर नको.

मध्ये एक सांगून टाकतो, कारण ते रोप बेडरूममध्ये हलवू का असं तू विचारलंस. हवा शुद्ध करतं म्हणे. ही समजूत नासाच्या कामातून आली, त्यांचा 1989चा अहवाल जो तो पुढे करतो. ते प्रयोग हवाबंद पेटीत झाले होते. तुझं घर हवाबंद पेटी आहे का? अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या कमिंग्ज आणि वेअरिंग यांनी 2019मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून हिशोब मांडला. घरात हवा जितकी आपोआप आत-बाहेर होते तितकं काम झाडांकडून करून घ्यायचं, तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. खिडकी उघड, तेवढ्यानं काम होतं. रोप ठेवायचं ते रोप आहे म्हणून ठेव. त्याच्याकडून नोकरी करून घ्यायची म्हणून आणलेलं रोप माणूस नीट बघत नाही, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय.

आता काम. उद्या रविवार आहे, सबब सांगू नकोस. गंगावेशीत नाहीतर शाहूपुरीत, कुंभार गल्लीत जा आणि साधी भाजलेल्या मातीची कुंडी आण, बुडाला भोक असलेली. भाजलेली माती अंगातून पाणी सोडते, तुझ्यासारख्या पाणीवेड्या माणसाला तीच बरी. मोठी आणू नकोस. मुळांच्या गड्ड्यापेक्षा बोटभर, फार तर दीड बोट रुंद. मोठ्या कुंडीत माती जास्त, मुळं थोडी, म्हणजे पाणी पुन्हा साचून राहणार.

मग हे रोप बाहेर काढ. पानं धरून ओढायचं नाही! कुंडी आडवी करायची, कडेनं थापट्या मारायच्या, डाव्या हाताची बोटं पानांच्या बुडाशी पसरून गड्डा हातावर घ्यायचा. आधी वास घे. नालीसारखा, आंबूस वास आला तर समज. मग माती हलक्या हातानं झाड आणि एकेक मूळ बोटात धरून दाब. पांढरं, टणक, भरलेलं मूळ चांगलं, त्याला हात लावू नकोस. तपकिरी, बुळबुळीत, दाबलं की साल बोटात येते आणि आत नुसता दोरा राहतो, ते मेलं. मेलेलं सगळं कापायचं, चांगल्या भागापर्यंत, स्वच्छ कात्रीनं. कात्री आधी स्पिरिटनं पूस. कापताना हात थरथरेल तुझा, अर्धं मूळ राहू दे असं वाटेल. राहू देऊ नकोस, तिथूनच कूज पुढे सरकते. मुळं निम्मी गेली तर पानंही बाहेरची, पिवळी, थकलेली तेवढी काढून टाक, उरलेल्या मुळांवर भार कमी पडेल. मग सावलीत कागदावर ठेवून काप थोडे सुकू दे. तासाभरानं रोप मरत नाही, घाबरू नकोस.

माती कुठली वापरलीस विचारलं तर अभिमानानं म्हणालास, मामांच्या रानातली काळी. रानात ती सोनं आहे, कबूल. उसाला तीच हवी. पण कुंडीत तिचा ओला असताना चिखल होतो आणि सुकली की वीट होते, कडेनं भेगा पडतात आणि वरचं पाणी त्या भेगांतून खाली पळतं, मुळं कोरडीच. या रोपाला लाल माती घे दोन वाटे, कोकोपीट एक वाटा, जाड वाळू नाहीतर विटांचा चुरा एक वाटा आणि चांगलं कुजलेलं जुनं शेणखत किंवा गांडूळखत अर्धा वाटा. मूठ वळून बघ, सोडल्यावर बोट लावताच फुटली पाहिजे. भोकावर खापरीचा तुकडा तिरका ठेव, भोक बुजवू नकोस. रोप पूर्वी होतं तेवढ्याच खोलीवर लाव. गाभा मातीखाली गेला की कुजलाच. वरून एकदा भरपूर पाणी, खालून वाहून जाईपर्यंत, आणि बशीत उतरलेलं पाणी ओतून टाक. त्यानंतर महिनाभर खत नाही. तांब्याही नाही, जोवर दोन पेरं बोट मातीत घालून आतली माती कोरडी लागत नाही तोवर.

वार ठरवून पाणी घालायचं नाही. सोमवार-गुरुवार हा तुझा हिशोब, मातीचा नाही. एप्रिलच्या फुफाट्यात चार दिवसांत सुकेल, जुलैच्या झडीत घरात कपडे वाळत नाहीत तेव्हा दहा-बारा दिवसही सुकणार नाही. बोटाला ओल लागली की परत फिरायचं. घालशील तेव्हा मात्र भरपूर घाल, खालून निघेपर्यंत. रोज घोटभर घालणं सगळ्यात वाईट, वरची माती सतत ओली आणि तळाला क्षार साठत जातात.

क्षारांवरून आठवलं. पानांची टोकं जळल्यासारखी तपकिरी झालीत, त्याला तू म्हणालास पाणी कमी पडतंय. पाणी कुठलं घालतोस, तर घरच्या आरओ मशिनमधून वाया जाणारं. वाया जाऊ नये ही बुद्धी चांगली आहे, ते पाणी फरशी पुसायला वापर, गाडी धुवायला वापर. पण त्या मशिननं पाण्यातले क्षार गोळा करून जे बाहेर टाकलं, ते तू मोजून माझ्यापुढच्या या कुंडीत ओतलंस. मातीवरची ही पांढरी साय बघ, नखानं खरवड. नववीला परासरण शिकवताना बटाट्याच्या वाटीत मीठ घातलं होतं, आठवतं? पाणी कुठून कुठं गेलं? मुळाबाहेर क्षार वाढले की मुळाला पाणी ओढणं तसंच जड जातं. आणि या रोपाला फ्लोराईड तर बिलकूल सोसत नाही, ते पानाच्या टोकाशी जाऊन साठतं आणि टोक जळतं. मामांनी प्रेमानं दिलेलं मूठभर सुपर फॉस्फेट तू घातलंस, त्यातही फ्लोराईड असतं. शेताला पोत्यानं लागतं म्हणून कुंडीला मुठीनं लागत नाही.

नळाचं पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेव, त्यातला क्लोरीन बराचसा उडून जाईल. बोअरचं नको. आणि कोल्हापुरात राहून पावसाचं पाणी धरून ठेवत नाहीस, हे मला समजत नाही. गच्चीवर स्वच्छ पिंप ठेव, पहिले दोन पाऊस वाहून जाऊ देत, मग भरून घे आणि झाकण लाव, डास व्हायला नकोत. या रोपाला त्याहून चांगलं पाणी जगात नाही. जळलेली टोकं परत हिरवी होणार नाहीत. कात्रीनं तिरकी काप, पानाचा आकार राहील असा, आणि हिरव्यात कात्री घुसवू नकोस. नवीन पानांची टोकं स्वच्छ निघाली, म्हणजे तू सुधारलास असं मी धरीन.

उरलेला चहा कुंडीत ओततोस ना? लपवू नकोस, वरती भुकटी दिसतेय. दूध-साखरेचा चोथा मातीत आंबतो, बुरशी येते, चिलटं येतात. पानांना चमक यावी म्हणून खोबरेल लावलंस, त्यानं पानांची छिद्रं बुजतात आणि धूळ चिकटून बसते. ओल्या फडक्यानं पुसायचं, खालून हात देऊन, एवढंच. खत एप्रिल ते सप्टेंबर, महिन्यातून एकदा, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या ताकदीचं, आणि तेही ओल्या मातीत. थंडीत बंद. कापसासारखी पांढरी कीड पानांच्या बेचक्यात दिसली तर स्पिरिटात बुडवलेल्या काडीनं टिपून काढ, औषधांच्या दुकानात धावू नकोस.

शेवटी तुझी तक्रार, की शेजारणीच्या रोपाला पिल्लं लोंबतायत आणि तुझ्याला एकही नाही. आधी ज्याला स्वतःला उभं राहता येत नाही ते पिल्लं कुठून देणार? मुळं कुंडीत नीट भरू देत, उजेड मिळू दे. आणि एक गोष्ट तुला कुणी सांगितलेली नाही. या रोपाला पिल्लं धरायला लहान दिवस लागतात, 12 तासांपेक्षा कमी उजेडाचे, आणि तेही सलग काही आठवडे. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सुमारे 13 तासांचा असतो, डिसेंबरात सुमारे 11 तासांवर येतो. म्हणजे ऑक्टोबरपासून निसर्ग त्याला हवं ते देतोच. पण तुझ्या दिवाणखान्यात मध्यरात्रीपर्यंत ट्यूब जळते, टीव्ही चालतो, रोपाला रात्र झाली हे कळणार कसं? संध्याकाळ झाली की त्याला दिवा नसलेल्या खोलीच्या खिडकीत ने, नाहीतर दिवाणखान्यातला दिवा लवकर बंद कर.

लांब पिवळट दांडी निघेल, तिच्यावर बारीक पांढरी फुलं येतील, मग टोकाला पिल्लू धरेल. त्याच्या बुडाशी पांढरे टोकदार फुगवटे दिसू लागले की शेजारी छोट्या कुंडीत ते मातीवर नुसतं टेकव, तारेच्या आकड्यानं दाबून ठेव, दांडी तोडू नकोस. आईकडून पोसलं जात असतानाच ते मूळ धरतं. तीनेक आठवड्यांनी हलकं ओढून बघ, हाताला धरल्यासारखं वाटलं तर दांडी काप. रोज उपटून मुळं फुटली का बघायचं नाही, ती खोड तुला आहे. आणि डिसेंबरपर्यंत दांडी आलीच नाही, तर टॉनिक, हार्मोन, युरिया यातलं काहीही विकत आणायचं नाही. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरची वाट बघायची.